भिकातात्यांची उंदीरपेठ

बापूसाहेब वकिलांच्या नव्या माडीची वास्तुशांत होती. पानं मांडली जात होती. भिकातात्या आले, पायातल्या वहाणा काढल्या, कुणाला रामराम न घालता सरळ दिवाणखान्यात गेले, खिशातून ओळंबा काढून मधल्या खांबाला लावला आणि एक डोळा मिटून बघत राहिले. मग जमलेल्या पन्नास माणसांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वळंब्यात हाय. सुकाळात धा हजाराला मरान न्हाय. आन उंदीर पडला की सव्वा रुपाया. त्यो बी गिऱ्हाईक आलं तर."

बापूसाहेबांच्या मंडळींनी हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं. भटजी होते तिथंच थांबले. "उंदीर पडला" हे शब्द त्या काळी शुभकार्यात कुणी तोंडातून काढत नसे. तात्यांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. जिलबी वाढायला आली तेव्हा त्यांनी दोन जादा मागून घेतल्या.

ती माडी त्यांनीच बांधलेली होती. भिकातात्या गवंडी होते आणि बारामतीतली निम्मी घरं त्यांच्या हातची होती. ही गोष्ट तीस सालानंतरची, मी तिथल्या मराठी शाळेत नवा मास्तर म्हणून आलो तेव्हाची. साठीचा माणूस, काटकुळा, कमरेत जरा वाकलेला, आणि खिशात कायम तो ओळंबा, म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं पितळेचं वजन. भिंत सरळ आहे का वाकडी हे त्यावरून कळतं. तात्यांना त्यावरून सगळंच कळत असे. न्हाव्याच्या आरशाला ते ओळंबा लावत, पाटलाच्या पागोट्याला लावत, एकदा तर बोहल्यावर उभ्या नवरदेवाला लावून म्हणाले होते, "डावीकडं कलतोय. बायको सरळ करंल."

त्यांच्या लेखी जगात दोनच जातीच्या वस्तू होत्या. वळंब्यात असलेल्या आणि नसलेल्या. आणि प्रत्येक घराला दोन किमती होत्या. एक सुकाळाची, एक उंदराची. कुणी विचारो न विचारो, घरात पाऊल टाकलं की तात्या दोन्ही सांगून मोकळे होत. मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यानं एकदा थट्टेनं विचारलं, "तात्या, देवळाची उंदराची किंमत काय हो?" तात्या गंभीरपणे म्हणाले, "देवाचं येगळं. मारुतीला भ्या न्हाय, आन गणपतीचं तर वाहानच हाय."

आमची खोली त्यांच्याच गल्लीत होती. मी भाड्यानं घेतली त्या दिवशी ते न बोलावता आले. भिंतीला ओळंबा लावून म्हणाले, "ही माझ्या हातची न्हाय. दोन बोटं वाकडी हाय. सुकाळात तीनशे, उंदरात बारा आणं." मग दोरी माझ्या खांद्यापाशी धरली. "मास्तर, तुमचा उजवा खांदा खाली हाय. पोती उचलता व्हय?"

"वह्या उचलतो," मी म्हणालो.

"त्येच," तात्या म्हणाले आणि गेले.

आता उंदराची किंमत म्हणजे काय, हे आजच्या माणसाला सांगायला हवं. तेव्हा प्लेग अधूनमधून येत असे. आधी आढ्यावरून नाहीतर कणगीमागून मेलेला उंदीर पडायचा. एक पडला की आळी हादरायची, चार पडले की दवंडी पिटायची आणि सगळं गाव घरांना कुलपं लावून रानात निघायचं. माळावर, मळ्यात, कालव्याच्या कडेला खोपी घालून लोक दोन-तीन महिने राहायचे. म्हणजे जन्मभराच्या कमाईनं बांधलेला वाडा ओस, आणि शेतातल्या चार ताट्यांच्या खोपीला सोन्याचं मोल. ज्याच्याकडे गावाबाहेर छप्पर तो राजा.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्लेग गेला की लोक ते विसरून परत माड्या चढवायला लागत. विसरले नाहीत ते एकटे भिकातात्या. इंदापूरच्या रस्त्याला, कालवा ओलांडला की एक खडकाळ माळाचा तुकडा होता, जिथं कुसळाखेरीज काही उगवत नसे. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधून साठवलेल्या पैशात तात्यांनी तो घेतला आणि त्यावर नऊ खोपी बांधल्या. खोपी म्हणायच्या, पण चौथरे गुडघाभर उंच, घडीव दगडाचे, चुन्यात बसवलेले, उंदराला बीळ करता येऊ नये असे. वर कुडाच्या भिंती, शेणामातीनं लिंपलेल्या, आणि त्याही ओळंब्यात. प्रत्येक खोपीच्या मधल्या वाशाला एक लोखंडी कडी ठोकलेली. दर दसऱ्यानंतर ते छपरावर उसाचं नवं पाचट घालत. आणि स्वतः राहत गल्लीच्या टोकाच्या, गळक्या भाड्याच्या खोलीत.

गावानं त्या वस्तीला नाव ठेवलं उंदीरपेठ. सहा वर्षं प्लेग फिरकला नाही. सहा वर्षं तात्या पाचट बदलत होते आणि गाव हसत होतं. "काय तात्या, गिऱ्हाईक कधी येणार?" असं कुणी विचारलं की तात्या म्हणत, "उंदीर काय इचारून पडत न्हाय." मग ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत चालू लागत. त्यांना बायकामुलं नव्हती. लग्नच झालं नसावं, असं गल्लीचं मत होतं, आणि अशा माणसाला पोरगी देणार कोण, हेही गल्लीचंच मत होतं.

सातव्या वर्षी मार्गशीर्षात भुसाराच्या वखारीत उंदीर पडला.

दवंडी पिटायच्या आधीच बाजार फिरला. कालव्याच्या काठच्या मळेवाल्यांनी कांद्याच्या चाळी झाडून काढल्या. एका गुऱ्हाळवाल्यानं गूळ ठेवायचं छप्पर भाड्यानं दिलं, पण ऊस तोडीला आला की जागा सोडायची, या बोलीवर. सकाळी सांगितलेलं भाडं दुपारी वाढायचं आणि संध्याकाळी ते छप्पर दुसऱ्याच कुणाचं झालेलं असायचं. कुणी बैलगाडीला ताडपत्री बांधून तिच्यातच संसार थाटला. बापूसाहेब वकिलांची धा हजारांची माडी रिकामी पडली आणि स्वतः बापूसाहेब एका म्हशीच्या गोठ्यात गेले. तेही निम्म्यात, कारण उरलेल्या निम्म्यात म्हैस होती आणि मालक तिला हलवायला तयार नव्हता.

साहजिकच सगळ्या गावाचं लक्ष उंदीरपेठेकडे गेलं. नऊ पक्क्या खोपी आणि मालक एकटा जीव. म्हातारा आता हात धुऊन घेणार, असं जो तो म्हणू लागला. तात्यांनी माळावर एक घडीव दगड मांडला, त्यावर बसले, आणि आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागले.

"लहान पोर हाय का? रडतं का?"

घर भाड्यानं देणारा माणूस हे का विचारतो, हे भाडेकरूला सांगावं लागत नाही. पहिल्यांदा कासार आले. म्हणाले, "आमची पोरं म्हणजे देवाची गाय. तोंडातनं शब्द नाही." तात्या म्हणाले, "न्हाय जमायचं." मग किराणावाले आले. त्यांनी सांगितलं की त्यांचं तान्हं जन्मल्यापासून रडलेलंच नाही. तात्यांनी हात जोडले. तिसऱ्यानं दुप्पट भाडं पुढं केलं आणि वर पोराच्या मुकेपणाची शपथ घेतली. त्यालाही तेच उत्तर मिळालं. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं की म्हातारा भाव चढायची वाट बघतोय.

मीही गेलो. आमचा मधू तेव्हा पाच महिन्यांचा होता. खरं सांगायचं तर त्याच्या रडण्याची गल्लीत कीर्ती होती. त्याच्यामुळं मी आधी दोन खोल्या गमावल्या होत्या, म्हणून मला अनुभव दांडगा. माझ्या बायकोनं, मालतीनं, त्याला पोटभर पाजलं, दुपट्यात गुंडाळलं, आणि तो गाढ झोपल्यावरच आम्ही माळावर पाय ठेवला.

"रडतं का?" तात्यांनी विचारलं.

"छे छे," मी म्हणालो. "तात्या, तुम्ही तर शेजारीच. कधी ऐकलंत का?"

 तात्यांनी ओळंबा काढला, माझ्या नाकासमोर धरला, तो स्थिर होईपर्यंत थांबले. "मास्तर, तुमी वळंब्यात न्हाय," ते म्हणाले. "जावा."

मी पुढचे चार दिवस रान धुंडाळलं. माझ्या महिन्याच्या पगारात मला एक कांद्याची चाळ दाखवण्यात आली, तीसुद्धा कांद्यासकट. एका मळेवाल्यानं विहिरीवरच्या मोटेची धाव देऊ केली, म्हणजे बैल चालतात ती उतरती वाट. वर छप्पर नव्हतं. "आभाळ हाय की," तो म्हणाला. आमच्या आळीत तेव्हा फक्त पाच घरं उरली होती. रोज शाळेतून येताना मी दारातूनच चुलीमागं बघायचो. मालतीनं मधूला खाली ठेवायचं सोडून दिलं होतं.

इकडे उंदीरपेठेत दोन खोपी गेल्या. कुणाला, तर एका कोष्ट्याला, ज्याच्या जुळ्यांच्या रडण्यापुढं त्याला तात्यांचा प्रश्नच ऐकू गेला नव्हता. आणि एका विधवेला, जी प्रश्न ऐकताच म्हणाली होती, "रडतं बाबा. भुकेलंय ते." गाव चक्रावलं. मग शहाण्या माणसांच्या डोक्यात उजेड पडला की म्हाताऱ्याला रडकी पोरं हवी आहेत. का, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माळावर जो आक्रोश उठला तो मी जन्मात विसरणार नाही. लोक पोरांना चिमटे काढून आणू लागले. ज्यांना पोरं नव्हती त्यांनी उसनी आणली. बापूसाहेबांची मुलं कॉलेजात शिकणारी. म्हणून वकीलसाहेबांनी भिगवणहून बहिणीचा नातू बैलगाडीनं आणवला. तो वाटभर रडला म्हणे. पण तात्यांसमोर उभा केला तर त्याला तो हलणारा पितळी ओळंबा दिसला आणि पोरगं खुदकन हसलं. बापूसाहेबांनी मागून चिमटा काढला. पोरगं आणखी हसलं. तात्यांनी दोरी त्याच्या हातात दिली, थोडा वेळ खेळू दिलं, मग काढून घेतली आणि म्हणाले, "वकीलसायेब, खोटा साक्षीदार हाय."

आमच्या चुलीमागं उंदीर सहाव्या दिवशी पडला. मी शाळेच्या कागदांची पेटी भरत बसलो. मालतीनं मधूला काखेत मारलं, पदर खोचला आणि ती एकटीच चालू लागली. मी मागून धावलो. मधूला त्या दिवशी दूध पाजायलाही ती थांबली नव्हती, त्यामुळं तो कालव्यापासूनच सुरू झाला होता.

"रडतं का?" तात्यांनी विचारलं.

"दिसतंय ना," मालती म्हणाली. "दिवसा रडतो, रात्री रडतो. रात्री हे कानावर उशी घेतात. परवा तुमच्याशी खोटं बोलले. जागा द्यायची तर द्या, नाहीतर इथंच दगडावर बसते."

तात्या उठले. त्यांनी मधूच्या तोंडाजवळ कान नेला आणि उस्ताद गाणं ऐकतात तसं डोळे मिटून ऐकलं. "ह्यो खरं रडतोय," ते म्हणाले. "चौथी खोप. या बाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी बी या. बाईच्या मागनं."

भाडं म्हणून त्यांनी एकच गोष्ट घेतली. घरटी एका माणसानं एक दिवस माती तुडवायची. कूड लिंपायला माती लागे, आणि ती पायानं तुडवून मऊ करावी लागते. मी माझा दिवस भरला. पुढं बापूसाहेबांनीही धोतराचा काचा मारून भरला, कारण त्यांनाही अखेर नववी खोप मिळाली. त्याचं असं झालं की तात्या गोठ्यावरून जात असताना त्यांना आत रडणं ऐकू आलं. बापूसाहेबांच्या ऐंशी वर्षांच्या आई होत्या त्या. म्हशीनं त्यांचं अंथरूण खाल्लं होतं. तात्या आत डोकावून म्हणाले, "रडतंय न्हवं कुनीतरी? मग आधी सांगायचं." आणि म्हातारीला त्यांनी स्वतःच्या हातानं धरून आणलं.

उंदीरपेठेत आम्ही तीन महिने काढले. वाशाच्या कडीला झोळी टांगायची असते, हे आम्हाला पहिल्या दिवशीच उमगलं. गाव समजत होतं की त्या कड्या शिंक्यासाठी आहेत. तात्या कडेच्या उघड्या छपरात झोपत. पहाटे प्लेगची लस टोचणारा टोचणीवाला आला की सगळ्यांत आधी दंड पुढं करत, म्हणजे बायाबापड्यांची भीती जावी. सगळं ठीक होतं. फक्त एका गोष्टीनं मालतीचा जीव मेटाकुटीला आला होता.

दिवस उजाडला की तात्या काठी घेऊन फेरीला निघत. प्रत्येक खोपीसमोर थांबत, कान देत. आत पोर रडत असलं की मान डोलावून पुढं जात. पण पोर झोपलेलं असलं, तर काठीनं दार वाजवत. "पोर कुठं हाय?" पुन्हा वाजवत. आतून बाई सांगे, "झोपलंय हो तात्या." तात्या ऐकत नसत. पोर दचकून उठून भोकाड पसरेपर्यंत काठी चालू राही. मग म्हणत, "हां. चालू द्या." आणि समाधानानं पुढच्या दाराशी जात.

आमचा मधू नेमका पहाटे झोपणारा. रात्रभर झोका देऊन मालतीचा हात दुखून यायचा, कुठं डोळा लागतो न लागतो तोच काठी. आठ दिवस तिनं सोसलं. नवव्या दिवशी ती दार उघडून उभी राहिली.

"तात्या, तुम्ही जागा दिलीत, तुमचे उपकार आहेत. पण झोपलेलं मूल कोणी उठवतं का?"

"निजलंय हे म्या कसं वळखायचं?" तात्या म्हणाले.

"मी सांगते म्हणून."

 तात्या तसेच काठी धरून उभे राहिले, दारातून हलेनात. अखेर मधू उठला, रडला, तेव्हा म्हणाले, "हां. चालू द्या." मालती मला म्हणाली, "हा माणूस वेडा आहे, आपण विहिरीच्या वाटेवर जाऊ." मी तिची समजूत घातली. पण मलाही तसंच वाटत होतं. कोष्टीणबाईंची जुळी होती, त्यामुळं त्यांचा राग आमच्या दुप्पट होता.

पौषात एका दुपारी निमगाव केतकीहून तात्यांची बहीण आली. साळूआक्का. त्यांचा तिकडं पानमळा होता. भावाला भाकरी आणि सगळ्या वस्तीला पुरतील एवढी विड्याची पानं घेऊन आल्या होत्या. तात्या माती तुडवून घ्यायला पलीकडं गेले होते. मी आमच्या चौथऱ्यावर वह्या तपासत बसलो होतो, तिथंच साळूआक्का टेकल्या, मधूला मांडीवर घेतलं. मालतीनं संधी साधून सगळं गाऱ्हाणं मांडलं.

म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, "तुला त्यानं सांगितलं न्हाय व्हय? कुनालाच सांगत न्हाय त्यो."

आणि तिनं सांगितलं. "आमी मूळचं इंदापूरचं. भिका तवा पंचविशीचा आसंल. पैला मोठा पलेग आला. गावाभाईर एका मालकाची जमीन हुती. त्यानं भाड्यासाटनं धा खोपी बांधून घेतल्या. बांधल्या कुनी, तर ह्येनंच. रातीचा दिस केला. बांधून झाल्यावर ह्यो म्हनला, एक मला बी द्या. बायको हाय, चार म्हैन्याचं पोरगं हाय. भाडं तर रोज चढत हुतं. ह्यानं बायकूच्या हातातले गोट इकले, खोपींच्या मजुरीवर पानी सोडलं, म्हनला देतो. मालकानं इचारलं, पोर रडतं का?"

मालतीचा हात मधूच्या पाठीवर होता तिथंच थांबला.

"ह्यो म्हनला, रडतं की. ल्हान हाय. मालक म्हनला, मंग न्हाय जमायचं, बाकीच्या बिऱ्हाडास्नी तरास व्हईल. ह्ये गावातच ऱ्हायले. भिका कामावनं आला की आदी दाराभाईर उभा ऱ्हायचा. आतनं रडनं आलं, की मंग आत जायचा. रोज यायचं. एक दिस आलं न्हाय."

साळूआक्कांनी पदरानं मधूचं नाक पुसलं. "पोराची आय त्याच्या मागनं तिसऱ्या दिशी गेली. म्या त्याला म्हनलं, आरं भिका, येवडं खोटं बोलायचं हुतंस, न्हाय रडत म्हनायचं. तर म्हनला, आक्का, गवंड्यानं खोटं बोललं की भित वाकडी जाती."

मी खाली मान घालून बसलो होतो. त्या दगडावर बसलेल्या म्हाताऱ्यासमोर मी "छे छे" म्हणालो होतो, ते मला आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालती रडत होती. मधू तेवढा विड्याचं पान चघळून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागा झालो तेव्हा मालती उठून बसली होती. झोळीत मधू शांत झोपला होता. बाहेर कोष्ट्याच्या खोपीकडून काठीचा आवाज आला, मग जुळ्यांचा, मग "हां. चालू द्या." मग आमच्याकडे येणारी पावलं. मालतीनं झोळीत हात घातला आणि काठी दाराला लागायच्या आत मधूच्या मांडीला हलकेच चिमटा काढला. मधूनं जे भोकाड पसरलं ते कालव्यापलीकडे गेलं असेल. पावलं दाराशी थांबली, थोडी जास्तच थांबली.

"हां," तात्या म्हणाले. "चालू द्या."

त्या दिवसापासून उंदीरपेठेत तात्यांना काठी वाजवावी लागली नाही. मालतीनं कुणाकुणाला सांगितलं ते मी विचारलं नाही. पण पहाटे त्यांची पावलं वाजली की पहिल्या खोपीपासून आठव्या खोपीपर्यंत पोरं एकामागून एक रडत जायची, आणि नवव्या खोपीतून बापूसाहेबांच्या आई बोळक्या तोंडानं "मी आहे रे भिका" असं ओरडायच्या.

फाल्गुनात प्लेग उतरला. दवंडी पिटली, घरं उघडली, चुना मारला गेला. बघता बघता बाजार पुन्हा फिरला. कांद्याच्या चाळीत कांदे गेले, गोठ्याच्या दुसऱ्या निम्म्यातही म्हैस आली आणि बापूसाहेबांची माडी परत धा हजारांची झाली. आमच्या घरमालकानं चुन्याच्या खर्चापायी भाडं वाढवलं. गाड्या भरल्या तेव्हा तात्या एकेका खोपीचं दार ओढून घेत होते. आम्ही त्यांना गाडीत बसा म्हणालो. ते म्हणाले, "पाचट बगून येतो." ते गल्लीत परतले ते चार दिवसांनी.

गावात आल्यावर त्यांची पंचाईत झाली. माळावर खोपी त्यांच्या होत्या, दार वाजवायचा त्यांना हक्क होता. गल्लीतली घरं ज्याची त्याची. पहिले काही दिवस सकाळी ते नुसतेच आमच्या दारावरून जात. दारापाशी पावलं हळू पडत, मग पुढं जात. पुन्हा मागं येत. मालती मधूला ओट्यावर घेऊन बसायची, त्यांना हाक मारायची. ते मान डोलवायचे, पण थांबायचे नाहीत.

एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर तात्या आमच्या भिंतीला ओळंबा लावून उभे होते. पहिल्या दिवशी तपासलेली तीच भिंत. ओळंबा केव्हाच स्थिर झाला होता, तरी ते दोरी सोडत नव्हते. आत मधू भाकरीचा कडक तुकडा हिरड्यांनी चावत मजेत बसला होता. आताशा तो फारसा रडत नसे. मालतीच्या हातात भाकरीचं पीठ होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीनं मधू दाखवला.

मी खिडकीची दोन्ही दारं उघडली, मधूजवळ बसलो आणि चिमटा काढला.

पोरानं आधी माझ्याकडे विश्वासघात झाल्यासारखं पाहिलं, मग सगळी आळी डोक्यावर घेतली. बाहेर दोरी गुंडाळल्याचा आवाज आला.

"वळंब्यात हाय," तात्या भिंतीकडे बघत म्हणाले. "सुकाळात हजाराला मरान न्हाय."

मी उंदराच्या किमतीची वाट पाहिली. तात्यांनी ती सांगितली नाही. ओळंबा खिशात टाकून ते गल्लीच्या टोकाकडे, आपल्या खोलीकडे चालू लागले. ती भिंत आजही दोन बोटं वाकडी आहे.